लिपी अरबी, माती मलबारची

साहित्याचा इतिहास लिहिणारे भाषेच्या नावाने सुरुवात करतात आणि बहुधा लिपीपाशी येऊन थांबतात. जे आपल्या लिपीत नाही ते आपल्या भाषेतही नाही, अशी नकळत समजूत झालेली असते. केरळातील मापिळ्ळा मुसलमानांचे अरबी-मल्याळम साहित्य अशा समजुतीमुळे दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

भाषा मल्याळम आणि लिपी अरबी, अशी ही व्यवस्था. अरबीत प, च, ग नाहीत; ट, ण, ळ तर नाहीतच. मलबारच्या लेखकांनी मूळ अक्षरांना नुक्ते आणि खुणा जोडून ती घडविली. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. इथे तेही लिहिणे भाग पडले. म्हणजे लिपीने भाषेला वाकविले नाही, भाषेनेच लिपीला आपले वळण लावले. मदरशात कुरआन वाचण्यापुरती अक्षरओळख झालेल्या मुलीलाही थोड्या सरावाने आपल्या बोलीतील काव्य वाचता येऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

कोळिकोडचे काझी मुहम्मद यांची 'मुहियुद्दीन माला' १६०७ सालची. शेख अब्दुल कादिर जिलानी यांचे हे स्तवन घरोघरी गायिले गेले. तेवढ्यावरून सगळ्याच परंपरेवर 'धार्मिक वाङ्मय' असा शिक्का मारणे सोपे असते. पण मोयिनकुट्टी वैद्यर यांचे 'बदरुल मुनीर हुस्नुल जमाल' (१८७२) काय आहे? राजकन्या आणि प्रधानपुत्र यांची ती प्रेमकथा आहे. विशीतल्या कवीने तिच्यात मल्याळम, तमिळ, अरबी, फारसी आणि संस्कृत शब्द एका पंगतीला बसविले आहेत. अरबी अक्षरांत संस्कृत शब्द सुखाने नांदतात, हे लिपी पाहूनच पुस्तक मिटणाऱ्या समीक्षकाला कळणार कसे?

विसाव्या शतकात चित्र पालटले. वक्कम अब्दुल कादिर मौलवींनी १९०५ मध्ये मल्याळम लिपीत 'स्वदेशाभिमानी' हे वृत्तपत्र काढले. १९१८ मध्ये 'अल-इस्लाम' मात्र अरबी-मल्याळममध्ये काढले. कोणाशी बोलायचे, त्यावर त्यांची लिपी ठरली. पुढे वैकम मुहम्मद बशीर यांनी मापिळ्ळा घरातली बोली मल्याळम लिपीत आणली आणि ते साऱ्या केरळचे लेखक झाले. जुनी काव्येही आता मल्याळम लिपीत छापली जातात. त्यात सीन, स्वाद, से यांचा भेद पुसला जातो, हे खरे. पण हे काव्य गाण्यासाठी रचलेले. त्याची यमके कानात जुळतात. लिप्यंतराने थोडे हरवते, वाचक मात्र वाढतो. मूळ पाठ जपून केलेले लिप्यंतर म्हणूनच स्वागतार्ह वाटते.

आपल्याकडे उलटे घडले. शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम' मराठी ओवीत आहे, म्हणून तो संतवाङ्मयात सहज मिसळला. आजचा मुस्लिम लेखकही देवनागरीतच लिहितो. तरी त्याच्या कथेकडे आधी समाजदर्शन म्हणून पाहिले जाते, कथा म्हणून नंतर. मापिळ्ळा कवीला लिपीने अडविले. इथे लिपी एक असूनही नाव आडवे येते. तेव्हा दोष लिपीचा नव्हे, वाचणाऱ्याच्या नजरेचा आहे. अक्षरांना धर्म नसतो. लिहिलेले आधी वाचावे, मग त्याचा कप्पा ठरवावा, एवढीच समीक्षकाकडून अपेक्षा.