ऑर्किड, युरिया आणि एक लपलेले गृहीत

‘ऑर्किडला युरिया देऊ नये, तो त्याला घेताच येत नाही.’ बागकामाच्या पुस्तिकांत हा सल्ला वरचेवर आढळतो. सल्ल्यापेक्षा त्यामागचे कारण आम्हाला तपासावेसे वाटते.

कारण असे सांगतात: जमिनीतील सूक्ष्मजीव युरिएझ या विकराने युरियाचे विघटन करतात. त्यातून अमोनियम आणि पुढे नायट्रेट तयार होते. ते मुळे शोषतात. ऑर्किड मात्र सालीवर वाढते. तिथे सूक्ष्मजीव कमी, म्हणून युरिया वाया जातो.

पहिला भाग बरोबर आहे. दिंद्रुडच्या (जि. बीड) शेतात टाकलेल्या युरियाचे बहुतांशी हेच होते. पण ‘म्हणून’ या शब्दाआड एक गृहीत दडले आहे: युरियाचा अख्खा रेणू वनस्पतीला घेता येत नाही. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या त्रेपानिए आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड मुळांतून थेट युरिया घेते. म्हणजे ‘घेताच येत नाही’ हे विधान टिकत नाही.

मग सल्ला निरर्थक ठरतो का? तसेही नाही. ऑर्किडच्या हवाई मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते ‘हवेतील बाष्प शोषते’ असे आपण वर्गात सांगतो. प्रत्यक्षात त्याचे मुख्य काम पावसाचे वाहते पाणी धरण्याचे आहे. जर्मनीतील झोट्झ व विंकलर यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार ते काही सेकंदांत भरते, वाळायला मात्र काही तास लागतात. धन व ऋण भारित आयन त्यात अडकून राहतात, भाररहित पदार्थ बाहेर निसटतात. अमोनियम आणि नायट्रेट भारित आहेत, युरिया भाररहित. तेव्हा युरिया तितका टिकणार नाही, असे अनुमान काढता येते. सल्ल्यात तथ्य असलेच तर ते या कारणाने, सूक्ष्मजीवांच्या अभावाने नव्हे.

ऑर्किड जवळ नसले तरी या साखळीतला युरिएझचा दुवा वर्गात दाखवता येईल. कच्च्या सोयाबीनचे पीठ युरियाच्या द्रावणात मिसळा, थोड्या वेळाने तांबडा लिटमस बुडवा. तो निळा होईल. दुसऱ्या परीक्षानळीत चांगले उकळलेले सोयाबीन वापरा. लिटमस तांबडाच राहील, कारण उष्णतेने विकर निकामी होते. मग विद्यार्थ्यांना विचारावे: सोयाबीन ही तर वनस्पतीच, मग युरिया फोडायला सूक्ष्मजीवच हवेत, हे कशावरून?