डबल बेल आणि तिसरी घंटा

नाटक तिसऱ्या घंटेला सुरू होतं, मुंबईची बस दुसऱ्या. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की सुटायची. हा फरक आम्हांला बरीच वर्षं गमतीचा वाटत आला. अलीकडे मात्र वाटू लागलं आहे की ही नुसती गंमत नाही. आपल्या कलाविचारात चाळ आली, गिरणी आली, लोकल गाडी आली. बसकडे मात्र समीक्षेने फारसं वळून पाहिलं नाही. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस धावली. 1937 मध्ये दुमजली गाडी आली. या गाड्यांनी माणसं वाहून नेली, तसे नटही घडवले. त्यातल्या दोघांविषयी इथे बोलायचं आहे.

पहिले बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, म्हणजे जॉनी वॉकर. इंदूरच्या गिरणीतली वडिलांची नोकरी सुटली, मोठं कुटुंब पोटासाठी मुंबईला आलं आणि हा मुलगा बसवर कंडक्टर झाला. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. बलराज साहनींनी त्यांना हेरलं, गुरुदत्तकडे पाठवलं, तिथे त्यांनी दारुड्याची नक्कल केली आणि ‘बाजी’ (1951) या चित्रपटात काम मिळालं. ही गोष्ट आजवर नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. साधा कंडक्टर होता, कुणीतरी पाहिलं आणि सोनं झालं! आमचा आक्षेप इथेच आहे. अशा सांगण्यात नशीब दिसतं, शिक्षण दिसत नाही.

कंडक्टरच्या कामाकडे जरा नटाच्या डोळ्यांनी पाहा. पायाखालची जमीन हलती आहे, एक हात तिकिटात, दुसरा दांडीवर. प्रेक्षक पैसे मोजून आलेला आहे, पण तो नाटक पाहायला आलेला नाही, त्याला घरी जायचं आहे. जे काही बोलायचं ते दोन थांब्यांच्या मधे. विनोद जमला तर गर्दी हसत हसत पुढे सरकते, फसला तर भांडण होतं. शिवाय दर थांब्याला निम्मा प्रेक्षक बदलतो, म्हणून तेच वाक्य नव्याने म्हणावं लागतं. ‘पुढे चला, पुढे चला’ हे दोन शब्द दिवसातून शेकडो वेळा म्हणूनही ज्याच्या तोंडून ते शिळे होत नाहीत, त्याला संवादफेक शिकवायची गरज काय?

जॉनी वॉकर यांच्या भूमिका याच शिक्षणाच्या आहेत. ‘प्यासा’मधला (1957) मालिशवाला अब्दुल सत्तार पडद्यावर थोडाच वेळ असतो. येतो, गर्दीला हाक घालतो, आपलं काम करून जातो. ही बसमधली चाल आहे. ‘आरपार’पासून (1954) अब्रार अल्वींनी पात्राच्या तोंडी त्याच्या वस्तीची, धंद्याची बोली घातली. ती बोलायला जो नट लागतो, त्याच्या कानावर पारशी, कोकणी, गुजराती, भय्या सगळ्यांची हिंदुस्थानी रोज पडलेली असावी लागते. ती बसइतकी आणखी कुठे पडणार? दारुड्या म्हणून गाजलेला हा माणूस स्वतः दारूला शिवत नसे, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. म्हणजे ती कमाई अनुभवाची नव्हती, निरीक्षणाची होती.

दुसरे शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी घरात 1950 साली जन्मलेले, तिथल्या शहर बसवर कंडक्टर, हौशी कन्नड नाटकांत दुर्योधन. 1975 मध्ये ‘अपूर्व रागंगल’मधून ते रजनीकांत झाले. तिकीट फाडण्याची, सुटे पैसे परत करण्याची त्यांची ढब प्रवाशांच्या लक्षात राहत असे, असं सांगतात. पुढे साऱ्या तमिळ मुलखाने जिला ‘स्टाइल’ म्हटलं, तिचं मूळ आम्हांला या ढबीत दिसतं. अरुंद जागेत, कमी वेळात, हाताच्या एका झटक्याने नजर खेचून घेणं ही तीच विद्या आहे.

पण कौतुकाने भागणार नाही. जॉनी वॉकर यांची मुंबई हसरी आहे. तीत धक्के खाणारी बाई नाही, आणि हा हसवणारा माणूस बहुतेक वेळा नायकाचा दोस्तच राहिला. बसथांब्यावरचा सर्वांत आवडता चित्रपट म्हणजे बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ (1976). मराठी रंगभूमीवरून आलेल्या अमोल पालेकरांचा अरुण रांगेत उभा राहतो, बोलू शकत नाही. रांगेत सगळे सारखे. ही समता मोडतो तो स्कूटरवरून येणारा नागेश. दिग्दर्शकाने वाहनावरून वर्ग किती सहज दाखवला! तरीही अरुण त्या मुलीच्या मागे मागे तिच्या कचेरीपर्यंत जातो, आणि चित्रपट त्याला गोड म्हणतो. रांगेतली तिची बाजू आम्हांला अजून वाचायची आहे. ती आमच्या लेखिकांनी लिहावी. बुरख्यात किंवा बुरख्याशिवाय, रोज त्या रांगेत त्या उभ्या असतात.

इथे थोडं आमच्या स्वतःकडे. आपल्या कथा-कवितांत मोहल्ला येतो, मदरसा येतो, दंगल येते, तलाक येतो. ते आलंच पाहिजे. पण मोहल्ल्याच्या नाक्यावरून बस पकडली की पुढचा पाऊण तास आपण कुठे असतो? 1992-93 नंतर या शहरात वस्त्या अधिकच वेगळ्या झाल्या. घर भाड्याने देताना नाव विचारलं जातं. बसच्या बाकावर शेजारी बसताना ते कुणी विचारत नाही. टोपीवाला आणि टिळेवाला एकाच दांडीला लटकतात आणि एकाच ब्रेकला एकमेकांवर आपटतात. हे सहजीवन परिसंवादातलं नाही, रोजचं आहे, आणि त्यात भांडणंही आहेत. नाटकाला आणखी काय लागतं?

घाई करायला हवी. ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. बेस्टची जुनी दुमजली गाडी 15 सप्टेंबर 2023 रोजी शेवटची धावली. विजेवरची नवी दुमजली गाडी आली, तिचं स्वागतच आहे. पण अलीकडे काही मार्गांवर कंडक्टरविना गाड्या धावल्या, तिकीट खाली थांब्यावर. हिशोबाला ते बरोबर असेल. आम्हांला मात्र दिसतो तो नट नसलेला रंगमंच. आत प्रेक्षक बसलेले आहेत, पण त्यांना एकमेकांशी बांधणारा आवाज नाही. पुढचा बद्रुद्दीन कुठे शिकणार?

तेव्हा पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा भ्रमणध्वनी खिशात राहू द्या आणि कान उघडे ठेवा. डबल बेल झाली की समजावं, पडदा वर गेला आहे.