बिबट्याचं नाव, मुलाचं नाव

जुने फोटो जमवणाऱ्यांत काहीजण फक्त मुलं आणि त्यांचे पाळीव प्राणी असलेले फोटो शोधतात. युरोप-अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या अशा कितीतरी फोटोंत मूल ताठ बसलेलं असतं आणि कुत्र्याचं डोकं धूसर. एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे. मुलाला दटावता यायचं, कुत्र्याला नाही. मला ते हललेलं डोकंच आवडतं.

मी चामोर्शीचा. आमच्याकडच्या अल्बमांत प्राण्याला कुणी मुद्दाम फोटोला बसवलेलं नाही, बकरीच चुकून चौकटीत येते. त्यामुळे माझा शोध वळला तो आमच्याच जिल्ह्यातल्या हेमलकशाकडे. १९७०च्या दशकात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे गेले. पुढे त्यांच्या अंगणात माकडं, अस्वलं, बिबटे आणि मुलं एकत्र वाढली. त्या दिवसांचे फोटो फॉरवर्ड होत माझ्यापर्यंत येतात, 'सो क्यूट' म्हणून.

क्यूट? तिथे आलेलं पहिलं माकडाचं पिल्लू शिकाऱ्यांनी मारलेल्या आईला चिकटलेलं होतं. आमट्यांनी ते अन्नाच्या बदल्यात मागून घेतलं. शिकारही हौसेची नव्हती, पोटासाठी होती. म्हणजे 'पाळीव' हा शब्दच इथे चुकतो. फोटोतल्या त्या लाडामागे एक मेलेली आई आहे आणि एक उपाशी घर आहे. हे दोन्ही चौकटीबाहेर राहिलं, तर फोटो नुसता गोड होतो.

माझी खरी तक्रार मात्र नावांबद्दल आहे. नेगल हा बिबट्या सगळ्यांना माहीत, विलास मनोहरांचं पुस्तकच आहे त्याच्या नावाचं. माझ्या फोल्डरमधल्या फोटोंत बिबट्याशेजारी माडिया पोरं उभी आहेत, आणि खाली लिहिलंय 'आदिवासी मुले'. व्हॉट्सअ‍ॅप फोटोचा मेटाडेटा काढून टाकतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ठाऊक असतं. पण कागदी फोटोचा मेटाडेटा असतो मागच्या बाजूला, पेनाने लिहिलेला, आणि ती बाजू कुणी स्कॅनच करत नाही. वर हल्ली एआयने रंग भरून देतात. चड्डीचा रंग अंदाजाने ठरतो, नाव तसं ठरवता येत नाही.

मी आता दोन्ही बाजू स्कॅन करतो. आमच्याच घरातल्या एका प्रिंटमागे पेन्सिलने लिहिलंय, 'काळी, दोन वेताची.' म्हणजे बकरी. तिच्या गळ्यात हात टाकून उभी असलेली मुलगी कोण, ते लिहिलेलं नाही. आजीची नजर अजून शाबूत आहे. दिवाळीत गेलो की तिला दाखवणार आहे.