छापखान्याच्या ओळीतला मराठवाडा

मराठीतल्या बंडखोर नियतकालिकांचा इतिहास एव्हाना पाठ झाल्यासारखा सांगितला जातो. 1877 चा 'दीनबंधू', 1920 चा 'मूकनायक', 1954 पासूनचा चक्रमुद्रित 'शब्द', मग साठोत्तरी अनियतकालिके आणि 1972 नंतर दलित पँथरच्या भोवतीचे अंक. ही मांडणी खोटी नाही, पण तिचा नकाशा बहुतेक मुंबई-पुण्यातच संपतो. मराठवाड्याच्या वाट्याला एखादा उल्लेख येतो, धाराशिवच्या वाट्याला तोही येत नाही. तिथे काही घडलेच नाही, असा त्यातून समज होतो. दोष वाचण्याच्या पद्धतीत आहे. आपण अंकातला निवडक मजकूर वाचतो. अंक कुठे छापला, कोणी वाटला, कशासाठी दडवला, हे वाचत नाही.

धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या महिन्याच्या 13 तारखेला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतले. त्याआधीच्या राजवटीत 'गश्ती निशान 53' या फर्मानामुळे जाहीर सभेलाही परवानगी लागे. तिथे बंडखोर पत्र उघडपणे छापणार कोण? म्हणून आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' निजामाच्या हद्दीबाहेरून निघे, बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघे. शीर्षकानुसार नोंद करणाऱ्या सूचीत असे पत्र तुकड्यातुकड्यांत विखुरते. ते सांधायचे तर अंकाच्या तळाशी पाहावे लागते. ब्रिटिश मुलखात 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक, मुद्रणस्थळ आणि प्रकाशक यांची नावे सक्तीची होती. सरकारने पाळत ठेवण्यासाठी घातलेली ही अट आज अभ्यासकाच्या हातातला सर्वात भरवशाचा पुरावा आहे. बार्शी तालुका ब्रिटिशांचा आणि त्याला लागून उस्मानाबाद निजामाचा, ही सरहद्द लक्षात घेतली की छापखान्याची ती ओळ वाचणे अटळ ठरते.

या अंगाने आजची समीक्षा तोकडी पडते. साठोत्तरी अंकांवरच्या लेखनात कविता आणि जाहीरनामे यांची चर्चा भरपूर आहे. संपादित संग्रहांनी मोठे काम केले, हे मान्यच. पण संग्रहात येताना मुखपृष्ठ, वर्गणीचे आवाहन, पोच आणि छापखान्याची ओळ गळून पडते. चक्रमुद्रित पानावर स्टेन्सिलवर हाताने कोरलेली देवनागरी, शाई फुटलेली वेलांटी, समासात कोंबलेली दुरुस्ती दिसते. ती गरिबी होती तशी भूमिकाही होती: खिळे आणि जुळारी यांच्यावाचून अंक काढता येतो, हे त्यातून सिद्ध होई. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' औरंगाबादहून अर्धशतक चालले. लेखक घडवणारे वाचक त्याने कोणत्या गावांत मिळवले, हे त्यातल्या साहित्यापेक्षा वर्गणीदारांच्या याद्या अधिक नेमके सांगतील.

यावर एक आक्षेप असा, की हे कागद एकांगी आणि प्रचारकी असतात. असतात, पण सरकारी दप्तर तरी निःपक्ष कुठे असते? पक्ष उघड असलेला पुरावा तपासायला उलट सोपा. दुसरा आक्षेप असा, की स्कॅन केले की काम भागते. स्कॅन हवाच, पण नुसता मजकूर टिपून मागचे कोरे पान, टपालाचा शिक्का आणि हाताने लिहिलेली किंमत सोडली, तर संग्रहाचीच चूक पुन्हा होते. तिसरा आक्षेप खरा जड आहे: सार्वजनिक ग्रंथालयांचे अनुदान वर्गवारीवर मिळते, त्यात पुस्तके आणि चालू नियतकालिके मोजली जातात, सुट्या पत्रकांना जागा नसते. म्हणून जुने अंक रद्दीत जातात. त्याचा दोष ग्रंथपालावर टाकण्यात अर्थ नाही. पण नोंदवहीत मुद्रणस्थळ आणि मुद्रक असे दोन रकाने वाढवायला इमारत लागत नाही. कळंब, उमरगा, तुळजापूर, परंड्याच्या वाचनालयांत एवढे झाले, तर मराठवाडा परिघावर होता की परिघच चुकीचा आखला होता, हा वाद अंदाजाऐवजी कागदावर लढता येईल.