हौशी शास्त्रज्ञाचें गद्य

वाङ्मयविषयक मासिकांत काचेच्या नळ्या आणि आरसे यांची चर्चा कशासाठीं, असें वाचकानें विचारल्यास तो त्याचा हक्क आहे. परंतु ज्या लेखनाविषयीं येथें दोन शब्द लिहावयाचे आहेत तें गद्यच आहे, आणि आमच्या मतें चांगलें गद्य आहे. तें कोणी वाङ्मय म्हणून लिहिलें नाहीं व कोणी वाङ्मय म्हणून वाचलेंहि नाहीं, इतकेंच.

‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकांत 1952 पासून ‘अमॅच्युअर सायंटिस्ट’, म्हणजे हौशी शास्त्रज्ञ, या नांवाचें सदर येऊं लागलें. पुढें दीर्घकाळ तें सी. एल. स्टाँग यांच्या हातीं होतें. 1960 सालीं त्यांतील निवडक लेखांचें जाडजूड पुस्तक निघालें. प्रकाश व लेसर यांवरील लेखांचा दुसरा संग्रह 1980 सालीं ‘लाइट अँड इट्स यूझेस’ या नांवानें प्रसिद्ध झाला. मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून पहिला लेसरकिरण काढला तो 1960 च्या मे महिन्यांत. आणि हीलियम-निऑन वायूंचा लेसर घरच्या टेबलावर कसा उभारावा, हें स्टाँग यांनीं 1964 च्या सप्टेंबरांत छापलें. मग आर्गॉन (1969), रंगद्रव (1970), कार्बन डायऑक्साइड (1971), नायट्रोजन (1974) अशी रांगच लागली. यांपैकीं कार्बन डायऑक्साइडच्या लेसरचे जनक चंद्रकुमार पटेल हे आपल्या बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले. 1964 सालीं त्यांनीं बेल प्रयोगशाळेंत जें साधलें, तें सात वर्षांत हौशी माणसाच्या आटोक्यांत आलें होतें.

स्टाँग यांची पद्धत साधी आहे. ज्यानें यंत्र केलें त्या गृहस्थाची प्रथम थोडक्यांत ओळख, आणि मग बहुधा त्याचेंच निवेदन. त्या निवेदनांत आश्चर्यचिन्हें नाहींत. नळी कोठें तडकली, आरसा केसभर कलला म्हणून किरण कसा आलाच नाहीं, हें तो कारकुनी शांतपणानें सांगतो. वाचकाचा विश्वास बसतो तो या अपयशांच्या नोंदीमुळें. आमच्या चरित्रवाङ्मयांत हा गुण शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं.

तथापि या मालिकेंत एक उणीव जाणवते. प्रकाशानेंच चेतविलेल्या वाफेचा लेसर तिच्या गाजलेल्या कृतींत नाहीं. आणि लेसरच्या इतिहासाचा उगम तर तेथेंच आहे. शालो व टाउन्स यांनीं 1958 सालीं आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हां उदाहरणादाखल घेतली होती ती पोटॅशियमची वाफ, पोटॅशियमच्याच दिव्यानें उजळलेली. पहिला लेसर मात्र तिचा झाला नाहीं. 1962 सालीं रॅबिनोविट्झ, जेकब्ज व गूल्ड यांनीं सीझियमच्या वाफेंतून किरण काढला, तो एका योगायोगाच्या बळावर : हीलियमच्या दिव्याची 388.8 नॅनोमीटरची रेषा सीझियमच्या एका शोषणरेषेशीं जवळजवळ तंतोतंत जुळते.

या क्रियेला इंग्रजींत ‘ऑप्टिकल पंपिंग’ म्हणतात. अशा शब्दांना मराठी प्रतिशब्द देतांना आमचे परिभाषाकार संस्कृतच्या कोठारांत शिरतात. विहिरीकडे कोणी पाहत नाहीं. मोट पाणी वर आणून थारोळ्यांत ओतते, आणि तेथून तें पाटानें आपोआप खालीं वाहतें. दिव्याचा प्रकाश ही मोट, अणूची वरची पायरी हें थारोळें, आणि वाहतें पाणी हा लेसरकिरण. अट एकच : पाण्यानें ज्या पायरीवर उतरावयाचें, तिच्यापेक्षां थारोळ्यांत सांठा अधिक हवा. आयोडीनच्या वाफेंत ही अट सहज पाळली जाते, कारण वर गेलेला रेणू खालीं येतांना निघाल्या ठिकाणीं न येतां पुष्कळदां मधल्या एखाद्या कोरड्या, रिकाम्या पायरीवर उतरतो. बायर, हर्बस्ट व त्यांचे सहकारी यांनीं 1972 सालीं 532 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशानें आयोडीनचा लेसर चालविला तो याच आधारावर. रुबिडियमची गोष्ट अवघड. तेथें किरण सोडून अणु थेट तळाशींच येतो, आणि तळ तर अणूंनीं भरलेलाच असतो. शिवाय 780 नॅनोमीटरला वर चढलेल्या अणूला शेजारच्या किंचित् खालच्या पायरीवर ढकलण्यास दुसरा वायु मिसळावा लागतो. क्रुप्के व त्यांचे सहकारी यांनीं 2003 सालीं हें साधून 795 नॅनोमीटरचा किरण मिळविला. गंमत अशी कीं, गाण्याच्या तबकड्या, म्हणजे सीडी, वाचणाऱ्या यंत्रांतील लेसरहि याच 780 च्या आसपासचा. अर्थात् तो फार दुबळा. खऱ्या उपशाला त्याच्याहून पुष्कळ जोराचा बैल हवा.

नागपुरास या विषयांत एक वेगळीच सोय आहे, ती थट्टेनें कां होईना नोंदविली पाहिजे. सीझियम 28.5 अंशांस वितळतें, रुबिडियम 39.3 अंशांस. मे महिन्यांत येथील पारा 45 अंशांपुढें जातो, तेव्हां दोन्ही धातु सावलींतल्या फळीवरच पातळ होऊन बसतील. पुरेशी वाफ होण्यास भट्टी लागेल ती लागेलच; पण निम्मा स्वयंपाक सूर्यानें केलेला असेल.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. स्वातंत्र्यापूर्वीं याच नागपुरांतून, धरमपेठेंतून, ‘उद्यम’ मासिक निघत असे. शेती, बागाईत, घरगुती उद्योग यांवर तें असें लिही कीं वाचणाऱ्याचे हात शिवशिवावेत. पुण्यास 1928 सालीं ‘सृष्टिज्ञान’ सुरू झालें. एकाच्या अंगीं कृति होती, दुसऱ्याच्या अंगीं शास्त्र. हीं दोन अंगें एका देहांत आणण्याचें काम मराठींत स्टाँगसारख्या कोणी नेटानें केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. परिणामीं आमचें बहुतेक शास्त्रीय लेखन स्तुतिस्तोत्राच्या वळणावर गेलें. रामन यांचेंच पाहा. 1907 पासून दहा वर्षें हे गृहस्थ सरकारी हिशेबखात्यांत अधिकारी होते; रंगूनहून त्यांची बदली झाली ती नागपुरास. कचेरीचे तास सांभाळून उरलेल्या वेळांत प्रयोग करणारा माणूस म्हणजे हौशी शास्त्रज्ञच. 1928 सालच्या त्यांच्या शोधांतहि प्रथम सूर्यप्रकाश व मागाहून पाऱ्याच्या वाफेचा दिवा यांनींच काम केलें. येथें 1992 पासून त्यांच्या नांवाचें विज्ञान केंद्र उभें आहे. पण आम्हीं वाचलेल्या मराठी लेखांत पारितोषिक आहे, फेटा आहे, समुद्राचा निळा रंग आहे, टेबल नाहीं. दिवा कोठें ठेवला, भिंग कोणतें, डोळा अंधाराला सरावण्यास किती वेळ लागला, हें सांगावेंसें लेखकाला वाटत नाहीं. त्याला तें क्षुल्लक वाटतें, आणि तेथेंच तो वाचकाला गमावतो.

भाषा अपुरी आहे ही सबब चालणार नाहीं. डाख देणें, फुंकणी, कातणें, झिलई हे शब्द कारागिराच्या तोंडीं आहेतच. लेखकांनीं ते कागदावर घेतले नाहींत, कारण कारागीर आणि लेखक एका पंगतीस बसले नाहींत.

स्टाँग यांनाहि आम्हीं निर्दोष म्हणणार नाहीं. क्ष-किरणांची नळी घरीं करण्याची कृति त्यांनीं 1956 सालीं छापली आणि 1960 च्या पुस्तकांतहि ठेविली. तीं पानें आज वाचतांना अंगावर कांटा येतो. धोक्याची सूचना आहे, पण उत्साहाच्या भरांत ती तळटिपेसारखी वाचून होते. वाफेच्या लेसरवर लिहिणाऱ्यास ही चूक परवडणार नाहीं. रुबिडियम हवेंत उघडें पडतांच पेट घेऊं शकतें, म्हणून त्याची नळी घरीं भरण्याचा हव्यास न धरतां सीलबंद तयार नळीच घ्यावी. 795 चा किरण डोळ्याला जेमतेम दिसतो, त्यामुळें पापणी मिटत नाहीं, आणि अंतःपटल जळून जातें. चष्मा त्या विशिष्ट लांबीच्या लहरीसाठींच केलेला हवा. ही सूचना कृतीच्याच वाक्यांत आली पाहिजे, परिच्छेदाच्या शेवटीं नव्हे. वाक्यरचनेचा प्रश्न येथें कोणाच्या तरी दृष्टीचा प्रश्न होतो.

आरंभ आयोडीनपासून व्हावा असें आम्हांस वाटतें, आणि तोहि लेसरपासून नव्हे, केवळ चकाकीपासून. नळींत हवा राहिली असेल, तर आयोडीनची जांभळी वाफ सुरेख दिसते, पण हिरवा किरण सोडल्यावर जवळजवळ मुकी राहते. हवेचे रेणू धक्के देऊन तिची ऊर्जा वाटेंतच हिरावून घेतात. हवा नीट काढून घेतलेल्या नळींत मात्र हिरव्या किरणाची वाट पिवळ्या-नारिंगी रंगानें उजळून निघते. पहिल्या फसलेल्या नळीपासून दुसऱ्या उजळलेल्या नळीपर्यंतचा प्रवास दोन पानांत, कोणतेंहि विशेषण न वापरतां सांगतां येईल. तीं दोन पानें आम्हांस अजून मराठींत वाचावयाचीं आहेत.