स्नेहसंमेलनापुरता कलावंत

डिसेंबर उजाडला की सिंधुदुर्गातल्या शाळांना नाचाची आठवण होते. स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं असतं, कार्यक्रमपत्रिकेत ‘लोककला’ हा रकाना भरायचा असतो, मग गावातल्या दशावतारी कलावंताला निरोप जातो: सहा-सात मिनिटांचं काहीतरी बसवून द्या. तो नाही म्हणत नाही. गावची शाळा, स्वतःची मुलं तिथेच शिकलेली. पण हे त्याचे भर हंगामाचे दिवस. तुळशीचं लग्न झालं की दशावतारी नाटक कंपन्यांचे पेटारे बाहेर पडतात ते थेट मे महिन्यापर्यंत. आज या देवळाची जत्रा, उद्या त्या. रात्री उशिरा उभा राहिलेला धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, पहाटेला आवरतो. तोंडाचा रंग जेमतेम उतरवून, तारवटलेल्या डोळ्यांनी हा माणूस दहा वाजता शाळेच्या पटांगणात उभा राहतो आणि चौथी-पाचवीच्या पोरांना युद्धनृत्याची पावलं दाखवतो. चार दिवसांत आयटम तयार होतो. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ मिळतं, पुढच्या डिसेंबरपर्यंत विषय संपतो.

व्यावसायिक नर्तकाने, रंगकर्मीने शाळेत आणि वस्तीत जाऊन शिकवणं ही गोष्ट या जिल्ह्यात आज कुठे आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर हे एवढंच. बसवणं भरपूर, शिकवणं जवळजवळ नाही.

बसवून घेतलेल्या नाचात मूल नेमकं काय शिकतं, हे एकदा तालमीजवळ बसून पाहावं. राजाचा प्रवेश. पखवाजावर बोल वाजतात, झांज लय धरते, एक हात कमरेवर, दुसऱ्यात तलवार, टाच आपटत अर्धवर्तुळ घ्यायचं आणि समेवर बाकासमोर येऊन थांबायचं. पोरं पावलं मोजतात: एक, दोन, तीन, चार. दशावतारी कधीच मोजत नाही. तो पखवाजाकडे कान लावून असतो, आणि पखवाजवाला त्याच्या खांद्याकडे डोळा लावून असतो. खांदा किंचित खाली गेला की तिहाई येणार. हा देवघेवीचा भाग हीच खरी विद्या, आणि चार दिवसांत नेमकी तीच गळते. संमेलनाच्या दिवशी तर पखवाजही नसतो, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलेलं असतं. रेकॉर्डिंग कुणाच्या खांद्याकडे बघत नाही.

वास्तविक शाळेला याहून सोयीची कला शोधून सापडणार नाही. दशावताराला लिखित संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कुणी कुठली भूमिका करायची ते सांगितलं जातं, आणि जो तो आपली भाषणं रंगमंचावरच रचतो. सबंध नेपथ्य म्हणजे एक बाक. तोच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. बाकांची शाळेत वाण नाही. आडदशावतार या पूर्वरंगातला संकासुर तर मालवणीतच बोलतो. मराठीच्या तासाला प्रमाणभाषेत अडखळणारं मूल त्याच्या तोंडून बिनधास्त सुटेल. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या शाळांना उत्स्फूर्त बोलणं आणि तालावर हलणं एकाच वेळी शिकवणारा विषय दाराशी उभा आहे. आपण त्याला वर्षातून एकदा ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणून आत घेतो. २०२५ साली आलेल्या ‘दशावतार’ चित्रपटानंतर कौतुकाला उधाण आलं. कौतुकाचा तास मात्र वेळापत्रकात लागला नाही.

फुगडीची गत थोडी वेगळी. ती शिकवायला पूर्वी बाहेरून कुणी यावं लागत नसे. चवथीच्या दिवसांत आजी, काकी, सासरहून आलेल्या बहिणी हाच अध्यापकवर्ग, आणि गणपतीसमोरची जागा हाच वर्ग. पाय जुळवायचे, हातांची कैची घट्ट धरायची आणि अंग मागे टाकून द्यायचं. समोरचीवर भार सोपवला नाही तर फुगडी फिरतच नाही, आणि हे तोंडाने सांगून कुणाला येत नाही. समोर धरणारी बाई जाणती असावी लागते. आता स्पर्धांनी फुगडीला मंच दिला, बायकांना घराबाहेर काढलं, हे मोठंच काम झालं. पण स्पर्धेसाठी एकसारख्या साड्या, वेळेचं बंधन आणि नृत्यदिग्दर्शक आले, तशा परीक्षकांना दिसतील अशा रचना वाढल्या आणि जोडीतली फुगडी मागे सरकली. शाळेत मुलींना शिकवली जाते तीही हीच, समोरून दिसणारी.

पिंगुळीच्या ठाकर जमातीकडे पाहिलं तर चित्र जरा उजळ आहे, आणि तिथे बाजी मारली ती कलावंतांनी स्वतः. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं केलं ते २००६ मध्ये. पद्मश्री मिळाली २०२१ मध्ये. चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या, राधानृत्य असा जमातीचा सगळा ऐवज तिथे पाहता येतो. शाळांच्या सहली येतात, मुलं बाहुली हातात घेऊन बघतात, तासाभराने बस पुढच्या ठिकाणाला निघते. कलावंताने दार उघडलं, एवढं त्याच्या हातात होतं ते त्याने केलं. त्या दारातून पुन्हा पुन्हा येणारं मूल शाळेने पाठवायचं असतं. शिवाय ही कला जमातीच्या पोटापाण्याशी बांधलेली. ती बाहेरच्या मुलांना शिकवायची तर शिकवण्याचे पैसे मिळायला हवेत, नाहीतर आम्ही ठेवा जपायचा आणि वाटायचाही फुकट, असा सवाल ठाकरांनी केला तर त्यात वावगं काय?

शास्त्रीय नृत्याचे वर्ग कणकवली, कुडाळ, सावंतवाडीकडे चालतात. तिथल्या शिक्षिका मेहनती आहेत, पण शिकवणीची दिशा गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा ठरवते: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पालक आधी प्रमाणपत्राची चौकशी करतात. फी भरू शकणाऱ्या, बाजारपेठेच्या गावातल्या मुलींपुरतं हे वर्तुळ आहे. वाडीवरच्या मुलीला तिथवर पोचवणारी एसटी संध्याकाळी नसते.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. आचार्य पार्वतीकुमार मूळचे मालवणकडचे, आडनाव कांबळी. भरतनाट्यमचे गुरू म्हणून देशाला माहीत. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी निरूपणांना त्यांनी पुन्हा रंगमंच दिला. याच माणसाने ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागात मुलांना हाताशी धरलं आणि ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य उभं केलं. दादरच्या छबिलदास शाळेच्या आसऱ्याने वाढलेल्या चळवळीचं हे काम. मोठ्या नर्तकाने मुलांसाठी राबणं यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि मुलांनाही चार दिवसांत आयटम उरकायचा नव्हता. नाच आतून समजून घ्यायचा होता. मालवणच्या मातीतल्या माणसाला हे दादरला करता आलं. मालवणात करायला आजही जागा नाही.

कुणी म्हणेल, लोककला अशी वर्गात शिकवता येत नाही, ती कंपनीत पोर म्हणून वावरून, बाळकृष्णाचं काम करत, पडद्याआडून बघतच येते. हा आक्षेप कलावंतांच्याही मनात असतो आणि त्यात तथ्य आहे. जो बघून शिकला त्याला टप्प्याटप्प्याने शिकवायची सवय नसते. पोराला जमलं नाही की तो स्वतःच करून दाखवतो, पुन्हा करून दाखवतो, मग वैतागतो. पण याच किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की उत्तर सापडतं. उडुपीत १९७१ साली यक्षगान केंद्र सुरू झालं, शिवराम कारंतांसारखा लेखक त्यामागे होता. बन्नंजे संजीव सुवर्ण यांच्यासारख्या गुरूंनी तिथे पावलांचा, तालांचा क्रम लावून शिकवलं. पुढे यक्षशिक्षण ट्रस्टमार्फत गुरू थेट हायस्कुलांत जाऊ लागले. वर्षभर शिकून मुलं पूर्ण प्रसंग रंगवतात आणि त्यांत मुलीही असतात. आपल्या कंपन्या परंपरेने पुरुषांच्या. शाळेत मुलीच्या हाती तलवार द्यायला तर कुठली परंपरा आड येत नाही! यक्षगान आणि दशावतार यांचं नातं अभ्यासक कसंही लावोत, शिकवण्याच्या बाबतीत ते भावंड आपल्या पुष्कळ पुढे गेलं.

मग अडतं कुठे? कागदावर फारसं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून आणण्याची, शाळासमूहात निवासी कलावंत ठेवण्याची भाषा आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक दिला. अट अशी की त्या वर्गांचा पट १०० च्या वर हवा. इथेच सिंधुदुर्ग गळतो. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. पोरं मुंबईत, शाळा वाडीवाडीवर विखुरलेल्या, कित्येकींचा पट हाताच्या बोटांवर. शंभराची अट लावली की कला शिकवणारा माणूस याच जिल्ह्याच्या वाट्याला येत नाही. सरकार कलावंताला विसरलं आहे असंही नाही. वृद्ध कलावंताला दरमहा ५,००० रुपये मानधन मिळतं, पण ते थकल्यावर. शिकवण्याची उमेद असलेल्या चाळिशीच्या दशावताऱ्याला हे दार बंद.

म्हणून कलावंत शाळेवर नेमायचा हट्ट सोडावा आणि तो आसपासच्या शाळांच्या केंद्रावर नेमावा. एका केंद्राखालच्या शाळा मिळून मुलांची संख्या पुरेशी भरते, केंद्रप्रमुख आहेतच. आणि वेळ? शाळेचं पहिलं सत्र जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला संपतं. नेमक्या याच महिन्यांत जत्रा नसतात. भातलावणीचे दिवस आणि चवथ वगळली तर पावसाळ्यात दशावतारी बराचसा मोकळा असतो, आणि त्याची खिशाची ओढाताणही याच दिवसांत होते. शाळेला तो हवा आहे, त्याला काम हवं आहे. आपण त्याला बोलावतो मात्र डिसेंबरात.

दरही नव्याने ठरवायला नको. केंद्र सरकारच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला दरमहा ७,५०० आणि साथीदाराला ३,७५० रुपये ठरलेले आहेत. जून ते ऑक्टोबर, पाच महिने, एक दशावतारी आणि त्याच्याबरोबर एक पखवाजवाला: एका केंद्राचा खर्च ५६,२५० रुपये. जिल्हा नियोजन समितीने येत्या जूनपासून प्रत्येक तालुक्यात एका केंद्रापुरती तरी ही रक्कम मंजूर करावी, आणि त्यातून पखवाजवाल्याला वगळू नये.