दौरा कुणाकडे जातो? : 'दशावतार', एक मेटल बँड आणि आपण

विषयाचा फलक वाचून आत येताना दोघातिघांनी विचारलं, ट्रॉम्ब्यात मेटल म्हणजे नक्की कशावर बोलणार, भंगारावर की अणुभट्टीवर? (हशा) शंका रास्त आहे. पण या संगीताचा जन्म खरोखरच कारखान्याजवळचा आहे. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. त्याने त्यांच्यावर टोप्या बसवून गिटार वाजवली, पुढे तारा सैल केल्या, आणि 'ब्लॅक सॅबथ'चा तो जड, खर्जातला आवाज तयार झाला. 1970 च्या सुमाराची गोष्ट.

या हिशोबाने आपल्या पट्ट्यात मेटल उगवायला हवं होतं. माहूलच्या रिफायनऱ्या, आरसीएफचा खत कारखाना, टाटा पॉवरची धुरांडी, आणि 1956 साली सुरू झालेली 'अप्सरा' अणुभट्टी. यापेक्षा जास्त धातू आणि धूर कुठून आणायचा? पण तसं झालं नाही. मुंबईतलं मेटल मुख्यतः कॉलेजच्या फेस्टिव्हलांतून आणि वांद्रे-अंधेरीकडून आलं, ज्या घरांत गिटार घेण्याइतके पैसे आणि इंग्रजी रेकॉर्डी होत्या तिथून. चेंबूर-गोवंडी-मानखुर्दचा राग बाहेर पडला तो भीमगीतांतून, जलशांतून, अलीकडे रॅपमधून. यात मेटलवाल्यांचा गुन्हा काही नाही. फक्त ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण शेवटी तिच्याकडेच यायचं आहे.

आज ज्या बँडबद्दल बोलायचं तो 'डेमॉनिक रिझरेक्शन'. 2000 साली साहिल मखिजा या तरुणाने मुंबईत सुरू केला. त्याच वर्षी 'डेमनस्टीलर' नावाचा पहिला अल्बम आला, 2005 मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स', 2007 मध्ये 'बियाँड द डार्कनेस' हा ईपी, 2010 मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस'. नावांवरूनच कळतं, अंधार भरपूर. डेथ मेटल, ब्लॅक मेटल, वर कीबोर्डचा वाद्यवृंदासारखा थर, घशातून काढलेला ग्राउल आणि मध्येच साफ गळ्याने गायलेली ओळ. या मिश्रणाला बँडने स्वतःच 'डेमॉनिक मेटल' म्हटलं. आम्हाला हे सुरुवातीचे अल्बम आवडतात, पण खरं सांगायचं तर तो अंधार नॉर्वेतून मागवलेला वाटतो. मे महिन्यात, लोकल तासभर उशिरा धावत असताना, कानात बर्फ पडतोय असं काहीतरी. उसन्या गोष्टीचा आनंद असतोच, तो नाकारायचं कारण नाही.

पण उसनं कौशल्य स्वतःचं व्हायला वाजवायला जागा लागते, आणि मुंबईत तीच आटत गेली. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, 'इंडिपेन्डन्स रॉक' व्हायचं. 1986 पासूनची परंपरा. आसपास रुग्णालयं, कॉलेज. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आलं, रात्री दहाची मर्यादा आली आणि रंगभवन गप्प झालं. अशा काळात मखिजांनी जे केलं त्याचं कौतुक गाण्यांइतकंच करायला हवं. स्वतःचं लेबल काढलं, इतर बँडचे अल्बम छापले, 'रिझरेक्शन' नावाने गिग भरवल्या. आपल्याकडे नाटक मंडळीचा मालक नटही असतो, हिशेबनीसही असतो आणि पडदे बांधायलाही तोच असतो. तसाच प्रकार.

मग 2010. ऑस्लोचा 'इन्फर्नो' महोत्सव, त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकात 'ब्रूटल असॉल्ट', 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार. 2014 ला जर्मनीतलं 'वाकेन'. म्हणजे ज्या नॉर्वेतून अंधार मागवला होता, तिथेच तो परत नेऊन वाजवला. हे धाडस आहे. मालवणचा माणूस पुण्याची बाकरवडी घेऊन पुण्यात विकायला जाईल का?

दौऱ्याने आवाजात नेमकं काय बदलतं, हे जरा थांबून पाहू, कारण लिहिणारे लोक 'अनुभवाने परिपक्व झाले' म्हणून मोकळे होतात. अशा महोत्सवात नवख्या बँडला अर्धा-पाऊण तास मिळतो. ड्रमसेट दुसऱ्याचा, अँप दुसऱ्याचे, आवाज तपासायला पाच मिनिटं. उघड्या मैदानात बारीक थर वाऱ्यावर जातात. घरी स्टुडिओत कीबोर्डचे सहा पदर रचलेले असतात, त्यातला एक लोकांपर्यंत पोचतो. पोचतं ते काय? ठेका, आणि ठेक्यामधली मोकळी जागा. दोन ठोक्यांमध्ये सगळ्यांनी एकदम गप्प बसायचं, ती गप्प बसण्याची अचूकता दौऱ्यावरच येते. 2014 चा 'द डेमन किंग' लागोपाठ ऐका 2010 च्या अल्बमनंतर. रचना घट्ट झाल्या आहेत, गिटार आणि ड्रम एकाच श्वासात थांबतात. आमच्या कानाला हा त्यांचा सर्वांत बांधीव अल्बम वाटतो.

दुसरा रस्ता सहयोगाचा. 2016 मध्ये मखिजांनी 'डेमनस्टीलर' याच नावाने एकट्याचा अल्बम काढला, 'धिस बर्डन इज माइन'. त्यावर ड्रम वाजवले ते जॉर्ज कोलियास यांनी, अमेरिकेतल्या 'नाइल' बँडचे ग्रीक ड्रमर, या प्रकारातले फार वरच्या दर्जाचे वादक. असा वादक मिळाला की लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो. जे आपल्या ड्रमरला जमेल का म्हणून खोडलं असतं, ते राहतं. पुढच्या एकल अल्बमांतही त्यांनी वेगवेगळे परदेशी ड्रमर घेतले. आमची एकच तक्रार. असा दूरचा सहयोग धारदार असतो, पण त्यात भांडण नसतं. एका सतरंजीवर बसलेला मृदंगवाला तुमच्याकडे बघून भुवई उडवतो, आणि तुम्ही चाल बदलता. लांबून आलेला ट्रॅक भुवई उडवत नाही.

आणि आता 'दशावतार'. मार्च 2017. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, एका अवताराला एक. इंग्रजी शब्द, मेटलचा सांगाडा, त्यात तबला-सतारीसारखी आपल्याकडची वाद्यं.

आमचं वाचन असं की हा अल्बम दौऱ्याचं उत्तर आहे. परदेशी व्यासपीठावर उभं राहिलं की प्रश्न येतोच, तुमच्यात भारतीय काय? ब्राझीलच्या 'सेपल्टुरा'ला हाच प्रश्न पडला असावा. जगभर फिरून झाल्यावर 1996 च्या 'रूट्स'साठी ते आपल्याच देशातल्या शावान्ते आदिवासींच्या गावात गेले, तिथे त्यांच्याबरोबर बसून ध्वनिमुद्रण केलं. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'ने ढोल, पंजाबी-हिंदी गाणं आणि रॅप घेऊन वाकेन गाजवलं आणि 2025 मध्ये जपानच्या 'बेबीमेटल'बरोबर गाणी केली. उत्तरं वेगवेगळी आहेत. 'डेमॉनिक रिझरेक्शन'ने उत्तर म्हणून यादी दिली. प्रश्न विचारणाऱ्याला लगेच कळेल अशी, एक ते दहा.

संगीताबद्दल आधी. वाद्यं छान वाजली आहेत, पण बहुतेक वेळा ती दारात उभी राहतात. गाण्याच्या तोंडाशी येतात, वातावरण करतात, मग मुख्य रिफ सुरू झाला की बाजूला होतात. तबला रिफच्या आत शिरून ठेक्याची मोजणी बदलतोय, असे क्षण कमी. रिफ जसा आधी होता तसाच, फक्त अंगावर उपरणं. ज्या बँडने मैदानांवर इतकी घट्ट लय कमावली, त्याने ती लय मोडून पाहिली असती तर काय झालं असतं, ही हळहळ आम्हाला आहे.

या सभागृहात कोकणातली माणसं निम्मी तरी असतील, त्यामुळे 'दशावतार' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अल्बम आला नसणार. पायपेटी, मृदंग, झांज, आणि पूर्वरंगात काळ्या वेशातला, काळ्या मुखवट्याचा संकासुर. वेद पळवणारा. मत्स्यावताराचीच गोष्ट, म्हणजे या अल्बमचं पहिलं गाणं. पण आपल्या दशावतारात त्या असुराला बोलायला वेळ मिळतो. तो मालवणीत थट्टा करतो, लोकांना हसवतो, पोरं त्याला घाबरतात आणि त्याचीच वाट बघतात. विष्णू येऊन मारतो ते खरं, पण घरी जाताना लक्षात कोण राहतो? आणि ही मंडळी फिरतात किती! कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की रोज नवं गाव. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं त्यांच्याबद्दल म्हणतात. स्वतःचे स्पीकर स्वतः वाहणाऱ्या कुठल्याही मेटल बँडने हे वाक्य टी-शर्टवर छापावं. (हशा) संवाद लिहिलेले नसतात. गाव बदललं की बोलणं बदलतं, कारण समोर बसलेल्यांना कुठे चिमटा काढायचा ते नटाला त्यांच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागतं.

इथे आमचा मुद्दा येतो. दौरा म्हणजे नुसता प्रवास नव्हे, आपल्याला प्रश्न कोण विचारणार ते निवडणं असतं. युरोपातल्या श्रोत्याने 'भारतीय काय?' एवढंच विचारलं. नववं गाणं बुद्धावर आहे, याबद्दल तिथे कुणाची भुवई उडण्याचं कारण नव्हतं. इथून गोवंडी स्टेशनपर्यंत चालत जा आणि रस्त्यात कुणालाही विचारा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आपल्या शेजारच्या हजारो घरांसाठी ही पुस्तकातली ओळ नाही, धर्मांतराचा कणा आहे. बँडने कुणाचा अपमान करायला हे केलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पंचांगातली, देवळातली प्रचलित यादी घेतली, त्यात नववा बुद्ध आहे. आमच्या मते अडचण अशी की यादी घेताना ती कुणाला टोचते हे सांगणारा श्रोता समोर नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. बँडचं नावच असुरांच्या पुनरुत्थानाचं. त्याआधीचा अल्बम असुरराजाचा. आणि 'दशावतार'मध्ये गाण्यांची नावं सगळी मारणाऱ्यांची. नरसिंह आहे, हिरण्यकशिपू नाही. वामन आहे, बळी नाही. मराठी कानाला हे खटकणार की नाही? आपल्याकडे दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. आणि 1873 मध्ये जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त नेमकं हेच केलं, मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार घेतला, धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतिराव उत्तर देतात, आणि सगळी गोष्ट हरलेल्याच्या बाजूने उलटी सांगितली. त्यांचा इतिहास आजच्या संशोधनाला मान्य होईलच असं नाही. पण संकल्पना म्हणून पाहा. देवाला प्रश्न विचारणारं, सैतानाच्या बाजूने ओरडणारं संगीत म्हणून मेटल पन्नास वर्षं मिरवतंय. आणि त्याच शहराजवळ, एकशे चव्वेचाळीस वर्षं आधी, त्याच यादीवर त्याहून कितीतरी जास्त 'मेटल' पुस्तक लिहून ठेवलेलं होतं. ते या अल्बमच्या आसपासही दिसत नाही.

कुणी म्हणेल, ग्राउलमध्ये शब्द कुठे कळतात, एवढं काय मनावर घेता? शब्द नाही कळत, पण गाण्याचं नाव कळतं, मुखपृष्ठ कळतं. आणि आम्ही मनावर घेतो ते अल्बम चांगला आहे म्हणून. वाईट अल्बमशी भांडायला कुणी ट्रॉम्ब्यापर्यंत येत नाही.

मग या बँडनी काय, चिता कॅम्पात येऊन वाजवायचं? वाजवायचं म्हटलं तरी कुठे? हार्बर लाइनवर अशा आवाजासाठी हॉल नाही, उघड्यावर रात्री दहाची मर्यादा, शिवाय शाळा-दवाखान्यांची शंभर मीटर. दशावतारी मंडळींनाही मुंबईत तीच अडचण येते, रात्रभरचा खेळ तीन तासांत कोंबावा लागतो. म्हणजे ऑस्लोला जाणं कठीण, हे खरं. पण मानखुर्दला येणं त्याहून कठीण करून ठेवलंय, आणि त्यात दोष बँडचा सर्वांत कमी. मात्र हा न झालेला दौरा आवाजात ऐकू येतो. जिथे गेलात तिथली शिस्त रिफमध्ये उतरली, जिथे गेला नाहीत तिथली भुवई उतरली नाही.

मागे बसलेल्या मुलांपैकी दोघं गिटारच्या पिशव्या घेऊन आलेत, ते मघापासून आमच्याकडे रागाने बघतायत. (हशा) त्यांचं आधी ऐकू. त्यापूर्वी पाचवं गाणं लावतो, 'वामन'. काही मिनिटांचा प्रश्न आहे. ऐकताना एवढंच करा, ठेका थांबतो त्या जागा मोजा, आणि त्या जागांत बळी काय म्हणाला असता ते मनात धरा. दिवे मंद करा जरा. आवाज दहाच्या आत आहे, काळजी नको.

(ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यानंतर प्रश्नोत्तरं.)